आखातात वैमानिकाची नोकरी: सहकुटुंब जावे की ठाण्यातच राहावे?

नभांगण

सर्वांना नमस्कार. मी मुंबई तळावरून एअरबस ए३२० उडवतो आणि काही वर्षांपासून कॅप्टन आहे. दुबईतल्या एका विमान कंपनीने मला वाइडबॉडी (लांब पल्ल्याच्या मोठ्या) विमानावर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून नोकरी देऊ केली आहे. होकार किंवा नकार लवकरच कळवायचा असल्याने घरात सध्या दुसरा विषय नाही.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगतो. आम्ही ठाण्यात राहतो. पत्नी दंतवैद्य आहे आणि तिने स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला दवाखाना आता चांगला चालतो. मुलगा आठवीत असून त्याला डॉक्टर व्हायचे आहे. मुलगी तिसरीत आहे. आई-वडील साताऱ्याला असतात. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे आणि वडिलांना मधुमेह आहे. धाकटी बहीण पुण्यात असल्यामुळे अडीअडचणीला ती धावून जाते, परंतु सगळा भार तिच्यावर टाकून निघून जाणे मला पटत नाही.

जाण्याच्या बाजूने बोलायचे तर तेथे पगारावर आयकर नाही, घराची सोय आहे आणि मुलांच्या शाळेसाठी भत्ता आहे. आपल्याकडे उत्पन्न ५० लाखांच्या पुढे गेले की ३० टक्के करावर अधिभारही लागतो, त्यामुळे हातात पडणाऱ्या रकमेतला फरक मोठा आहे. लांब पल्ल्याच्या उड्डाणांची ओढ मला प्रशिक्षणाच्या दिवसांपासून आहे, हेही मी लपवत नाही. शिवाय किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडताना आपण सर्वांनी पाहिले आहे. भारतात राहणे म्हणजे सुरक्षित राहणे असे मला वाटत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कॅप्टनची डावी सीट सोडून सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर बसायचे आणि पुन्हा कमांड (कॅप्टनपद) केव्हा मिळेल ते तेथील ज्येष्ठतेच्या यादीवर सोपवायचे. इकडे २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. इंडिगोने पुढच्या वर्षी ए३५० सुद्धा मागवली. म्हणजे जे मिळवण्यासाठी मी दुबईला जाणार, ते काही वर्षांत मुंबईतच मिळू शकेल. ज्यांनी हा निर्णय घेतला आहे, त्यांनी सर्वांत आधी कोणती गोष्ट तपासली, हे मला जाणून घ्यायचे आहे.

खाडीपार

मी आखातातल्या एका कंपनीत बरीच वर्षे उडवून आता पुन्हा भारतात उडवत आहे, त्यामुळे दोन्ही काठ पाहिले आहेत. आपण विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: पगाराच्याही आधी, तेथे आपल्या कुटुंबाचे राहणे कशाकशावर टांगलेले असेल ते तपासावे.

ठाण्यात आपली नोकरी गेली, तरी घर आपले राहते, मुलांची शाळा सुरू राहते आणि पत्नीचा दवाखाना चालू राहतो. दुबईत घर कंपनीचे किंवा कंपनीच्या भत्त्यावर, शाळेचे शुल्क कंपनीच्या भत्त्यातून, आणि पत्नी-मुलांचा रहिवास व्हिसा आपल्या व्हिसावर अवलंबून. आपला व्हिसा नोकरीवर आणि नोकरी प्रथम श्रेणीच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर. म्हणजे रक्तदाब, साखर किंवा हृदयाच्या आलेखातला एखादा दोष केवळ आपल्याला जमिनीवर आणत नाही. चौघांचा मुक्काम हलवतो. आपल्या वडिलांना मधुमेह आहे, असे आपण लिहिले आहे. म्हणून होकार देण्यापूर्वी स्वतःची संपूर्ण तपासणी आपल्या खर्चाने करून घ्यावी आणि परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा कंपनी देते का, किती रकमेचा देते आणि कोणत्या आजारांना वगळते, हे कागदावर पाहावे. २०२० मध्ये महासाथीच्या काळात आखातातल्या मोठ्या कंपन्यांनी वैमानिक कमी केले, तेव्हा वर्षानुवर्षे तेथे रुळलेल्या कुटुंबांना चालू शैक्षणिक वर्षात सामान बांधावे लागले. त्यांच्यापैकी कित्येकांच्या कामात काहीही उणे नव्हते.

दुसरी गोष्ट विमानाच्या प्रकाराची. आपण फक्त वाइडबॉडी असे लिहिले आहे, पण ते कोणते, यावर परतीची वाट ठरते. बोइंग ७७७ किंवा ए३५० चे रेटिंग (ते विमान उडवण्याची परवान्यावरची पात्रता) असेल, तर एअर इंडियाकडे ती विमाने आहेत. ए३८० मात्र भारतातली एकही कंपनी उडवत नाही. ते विमान उडवण्याचा आनंद मोठा असला, तरी परतताना भारतात त्या रेटिंगचा थेट उपयोग नाही. नेमणुकीच्या पत्रात विमानाचा प्रकार लिहिलेला आहे का, की तो रुजू झाल्यावर ठरणार आहे, हे विचारावे.

तिसरी गोष्ट आपल्या पी-वन तासांची, म्हणजे कॅप्टन म्हणून उडवलेल्या तासांची. उजव्या सीटवर गेल्यावर कमांडचे तास वाढायचे थांबतात, आणि परत येताना कंपन्या केवळ एकूण तास पाहत नाहीत. आपण शेवटची कमांड केव्हा केली, हेही विचारतात. तेथे अपग्रेडला, म्हणजे कॅप्टन व्हायला, सध्या किती काळ लागतो, हे भरती विभागाला विचारण्यापेक्षा गेल्या वर्षभरात कमांड मिळालेल्या एखाद्या वैमानिकाला विचारावे. तेजीच्या काळात ती वाट आखूड होते आणि मंदीत फार लांबते. भारतीय एटीपीएल (कॅप्टनला लागणारा वैमानिक परवाना) आता दहा वर्षांसाठी वैध असते ही सोय झाली आहे, तरी डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) वैद्यकीय प्रमाणपत्र खंड न पडू देता चालू ठेवावे.

रोस्टरबद्दलही, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाबद्दलही, सांगतो, कारण घरावर त्याचा परिणाम पगाराइतकाच होतो. दुबईसारख्या तळावर विमानांच्या लाटा मध्यरात्रीनंतर येतात आणि जातात. भारतीय उपखंडाच्या फेऱ्या तर बहुतेक रात्रीच्याच. लांब पल्ल्यात सेक्टर (उड्डाणे) कमी, लेओव्हर (परगावचे मुक्काम) मोठे आणि घरी सलग सुट्टी मिळते, हे खरे. परंतु अमेरिकेहून आल्यावर पहिले दोन दिवस माणूस घरात असून नसल्यासारखा असतो. आपल्याकडे नव्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा घातली. त्या नियमांचे पालन करताना डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द होऊन काय गोंधळ झाला ते आपण जाणताच, तरीही दिशा योग्य आहे. तुलना करताना आपला आजचा रोस्टर धरावा, पाच वर्षांपूर्वीचा नव्हे.

राजीनाम्यानंतर कॅप्टनला एक वर्षाची नोटीस देणे नियमाने बंधनकारक आहे. नवी कंपनी तितकी थांबणार आहे का, हे आधी लेखी घ्यावे.

मृण्मयी

माझे यजमान वैमानिक आहेत आणि आम्ही दुबईत राहतो. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आपल्या पत्नीच्या बाजूने लिहिते. आपल्या प्रश्नात तिच्याविषयी एकच वाक्य आले आहे.

तिचे काम येथे बंद पडेल असे नाही, पण नव्याने सुरू करावे लागेल. दुबईत दंतवैद्य म्हणून काम करायला दुबई आरोग्य प्राधिकरणाचा परवाना लागतो. त्यासाठी पदवी, नोंदणी आणि अनुभव यांची डेटाफ्लो या कंपनीमार्फत पडताळणी होते आणि प्रोमेट्रिक या संस्थेच्या केंद्रावर संगणकावरची परीक्षा द्यावी लागते. हे सगळे भारतात असतानाच सुरू करता येते आणि तसेच करावे. येथे आल्यावर घर लावणे, मुलांच्या शाळा आणि नवऱ्याचे प्रशिक्षण यांतून अभ्यासाला वेळ काढणे फार कठीण जाते. स्वतःच्या दवाखान्याची मालकीण असलेली व्यक्ती येथे बहुधा दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये पगारावर काम सुरू करते. आपण डाव्या सीटवरून उजव्या सीटवर जाण्याविषयी जे लिहिले आहे, तेच तिलाही करायचे आहे, आणि तिला कोणी ऑफर लेटर दिलेले नाही. म्हणून ठाण्याचा दवाखाना विकण्याऐवजी एखाद्या विश्वासू सहकाऱ्याकडे काही काळ चालवायला देता येतो का, हे जरूर पाहावे.

पहिल्या वर्षाविषयी मोकळेपणाने सांगते. नवरा सिम्युलेटर, लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष उड्डाणांवरचे प्रशिक्षण) आणि चेक (चाचण्या) यांत बुडालेला असतो, नवे शहर आणि नव्या शाळा आपल्यालाच निभवाव्या लागतात. जून ते सप्टेंबर उन्हामुळे मुले दुपारी बाहेर पडू शकत नाहीत. दुसऱ्या वर्षापासून मात्र हे शहर मुलांसाठी आणि एकट्या वावरणाऱ्या बाईसाठी फार सोयीचे वाटू लागते. मी रात्री उशिरा एकटी घरी येते आणि मला भीती वाटत नाही, याचे मोल मला फार आहे. मराठी माणसांचा गोतावळाही येथे मोठा आहे. गणपती आणि दिवाळी एकटेपणात जात नाहीत.

मुलीची काळजी करू नये, तिसरीतली मुले महिन्याभरात रुळतात. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा येथे एप्रिलमध्ये सुरू होतात आणि ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या सप्टेंबरमध्ये. अरबी भाषा खासगी शाळांतही शिकावी लागते, पण लहान मुलांना तिचे ओझे होत नाही.

मुलाचा प्रश्न खरा अवघड आहे आणि त्यावर कोणी लिहिले नाही, म्हणून सांगते. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावी लागते. आठवीनंतर तो येथे आला, तर नीट परीक्षा येथूनही देता येईल, पण शासकीय महाविद्यालयांसाठी त्याच्या हातात मुख्यतः १५ टक्के अखिल भारतीय कोटा उरेल, आणि खासगी महाविद्यालयांतील अनिवासी भारतीय कोट्याचे शुल्क ऐकूनच धडकी भरते. अभियांत्रिकीला आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास वेगळा मार्ग आहे. वैद्यकीयला तशी सवलत नाही. प्रवेशाची माहितीपुस्तिका दर वर्षी नव्याने निघते, ती स्वतः वाचावी. आमच्या ओळखीच्या काही घरांना हे मुलगा अकरावीत गेल्यावर कळले.

हिशेबनीस

कराबाबत थोडे. नोकरीसाठी देश सोडण्याच्या वर्षात आपला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी भरला, तर त्या आर्थिक वर्षासाठी आपण अनिवासी ठरता. म्हणून सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्याआधी निघणे आणि ऑक्टोबरात निघणे यांत मोठा फरक पडतो. पुढे आपले भारतातील उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर सुट्टीला येण्याच्या दिवसांची मर्यादा १२० होते, आणि दुसऱ्या कोणत्याही देशात कर भरावा लागत नसेल, तर आपण निवासी मानले जाऊ शकता. अशा वेळी सामान्यतः परदेशातल्या पगारावर येथे कर लागत नाही, परंतु विवरणपत्र काळजीपूर्वक भरावे लागते. बचत खाते एनआरओ (अनिवासींचे भारतातले रुपयांतील खाते) करून घ्यावे. नवे पीपीएफ खाते अनिवासीला उघडता येत नाही, जुने मुदतीपर्यंत चालवता येते. विवाहाचे, जन्माचे आणि पदवीचे दाखले राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास अशा क्रमाने साक्षांकित करावे लागतात. त्याला वेळ लागतो, आजच सुरुवात करावी.

नभांगण

आपणा सर्वांचे मनापासून आभार. राज्य कोट्याची अट मला ठाऊक नव्हती आणि तिने आमच्या चर्चेची दिशाच बदलली. पत्नीने खाडीपार आणि मृण्मयीताई यांची उत्तरे वाचून पडताळणीची कागदपत्रे काढायला घेतली आहेत. आता एक नवा पर्याय समोर आला आहे: मुलाची बारावी होईपर्यंत मी एकट्याने जावे आणि सुट्टीत ये-जा करावी. मुंबई-दुबई अंतर तीन तासांचे आहे. हा मार्ग कोणी अवलंबला आहे का?

गोदाकाठ

माझे वडील आखातात वैमानिक होते आणि आई, मी व भाऊ नाशिकला राहिलो, म्हणून मुलांच्या बाजूने लिहितो. अंतर तीन तासांचे असले, तरी कर्मचाऱ्यांची तिकिटे बहुधा स्टँडबाय, म्हणजे जागा उरली तरच चालणारी, असतात. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे नेमके आम्हाला बाबा हवे असत तेव्हा, विमाने भरलेली असत आणि ते विमानतळावरून परत खोलीवर जात. त्या काळात पक्के तिकीट काढायचे, असा नियम आईने पुढे घालून दिला आणि तो खर्च घराच्या अंदाजपत्रकात धरला. आपणही तसाच धरावा.

बाबांनी आम्हाला काही कमी पडू दिले नाही आणि माझे शिक्षण त्यांच्याच नोकरीवर झाले, याची मला जाणीव आहे. पण आठवी ते बारावी ही वर्षे मुलगा बापाशी भांडून मोठा होण्याची असतात, आणि महिन्यातून चार दिवस येणाऱ्या माणसाशी कोणी भांडत नाही. आमच्या घरात सगळे निर्णय आई घेत असे आणि बाबांना ते फोनवर कळत. हा पर्याय निवडल्यास आपल्या पत्नीला दवाखाना, दोन मुले आणि साताऱ्याचे येणे-जाणे एकटीने सांभाळावे लागेल, हे तिला स्पष्ट विचारून घ्यावे. आई-वडिलांना तेथे नेण्याचा विचार असेल, तर त्यांचा व्हिसा दर वर्षी नूतनीकरण करावा लागतो आणि त्या वयात आरोग्य विमा महाग पडतो. साताऱ्याला दिवसभर थांबणारी मदतनीस आणि जवळच्या डॉक्टरांशी पक्की व्यवस्था यावर तोच पैसा खर्च करणे मला अधिक योग्य वाटते.

खाडीपार

गोदाकाठ यांच्याशी मी सहमत आहे. आपल्या वयात अजून घाई नाही: व्यावसायिक उड्डाणाची मर्यादा ६५ वर्षे आहे, म्हणजे मुलाच्या बारावीनंतरही आपल्याजवळ बरीच वर्षे उरतात. तोवर येथे कमांडचे तास वाढतील आणि कदाचित तेव्हा थेट कॅप्टन म्हणून जाता येईल. काही कंपन्या तशी भरती करतात. मी आपल्या जागी असतो, तर या खेपेस नम्र नकार कळवून भरती विभागाशी संबंध टिकवले असते.

नभांगण

काल आम्ही चौघे बसून बोललो. मुलाने सांगितले की त्याला महाराष्ट्रातूनच परीक्षा द्यायची आहे, आणि पत्नीने सांगितले की एकट्याने जाण्याचा पर्याय तिला मान्य नाही. कंपनीला आज नकाराचे पत्र पाठवले असून चार वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल का, अशी विचारणा त्यातच केली आहे. पत्नी मात्र पडताळणी आणि परीक्षा पूर्ण करून ठेवणार आहे. डीजीसीएच्या पुढच्या वैद्यकीय तपासणीआधी मी स्वतःची साखर आणि हृदयाची तपासणीही करून घेत आहे.