व्हाइटबोर्डवर कालची अक्षरं दिसतच राहतात, काय करावं?

शेवटचा_बाक: शिकवणीच्या वर्गातला ६ बाय ४ फुटांचा फळा, दीड वर्ष रोजचा वापर. डस्टर फिरवला तरी जुनी गणितं मागून डोकावतात, लाल शाई तर हलतच नाही. थिनर लावून बघू का? की सरळ नवीन घ्यावा?

कोरडं_फडकं: थिनर नको, वरचा थरच जाईल. मार्करच्या शाईत अल्कोहोल, रंग, रेझिन आणि एक तेलकट द्रव्य असतं. अल्कोहोल उडालं की त्या तेलकटपणामुळे रंगाचा पापुद्रा वरच्यावर राहतो, म्हणून कोरडा पुसला जातो. फळ्यावर बारीक ओरखडे पडले की रंग त्यात जाऊन बसतो. तारेची घासणी, भांड्यांची पावडर यांनी हेच होतं.

आधी डागावर काळ्या मार्करने गिरवा आणि शाई ओली असतानाच पुसा. ताजं अल्कोहोल जुना रंग सोडवतं. चुकून परमनंट मार्करने लिहिलं असेल तरी हाच उपाय. उरलेल्याला मायक्रोफायबरच्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, आधी एका कोपऱ्यात करून बघा. शेवटी पाण्याचं फडकं आणि लगेच कोरडं. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा थर राहतो आणि पुढचं लिखाण फराटतं.

नंतर फळ्याला चुंबक लावून बघा. त्यावरून फळ्याचा प्रकार कळेल: चिकटलं तर सिरॅमिक, नाही तर मेलामाइन, म्हणजे लाकडी बोर्डवर प्लास्टिकसारखा थर.

चौकट_आणि_स्क्रू: चुंबकाचं अर्धंच बरोबर. नुसता रंग दिलेल्या पत्र्यालाही ते चिकटतं. सिरॅमिक म्हणजे पोलादी पत्र्यावर काचेसारखा थर, सुमारे ८०० अंशांना भाजलेला. दुकानात दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात, त्यामुळे बिलावर प्रकार लिहून घ्या. जमलं तर नमुन्याच्या तुकड्यावर लाल मार्करने लिहून रात्रभर ठेवा, सकाळी कोरडं पुसा.

शेवटचा_बाक: चुंबक घसरून खाली पडलं. गिरवून पुसल्यावर काळं-निळं गेलं, लाल अजून आहे.

कोरडं_फडकं: (चुंबकाची दुरुस्ती मान्य.) मग मेलामाइनच. अल्कोहोलनेही लाल निघत नसेल तर ते थरात मुरलंय, आता घासत बसू नका. रोज भरून लिहायचं असेल तर नवा सिरॅमिक घ्या आणि हा वेळापत्रक चिकटवायला ठेवा.

चौकट_आणि_स्क्रू: आणि नव्या फळ्याच्या ट्रेमध्ये मार्कर आडवेच ठेवा. टोक वर करून उभे ठेवले की शाई खाली उतरते, अक्षर फिकं येतं आणि मार्कर संपला समजून फेकला जातो.