गेज हातात येईपर्यंत काय काय उरकून ठेवावं: ठाणे–नवी मुंबईकरांचा अनुभव धागा

मंडळी, आपल्या ग्रुप बायची (सगळ्यांनी मिळून एकत्र मागवलेली) डॅशवर लावायची ५२ मिमीची गेज (बूस्ट म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, ऑइल प्रेशर, कूलंटचं तापमान) डायल छपाईला गेली आहेत. ज्यांनी अशी गेज मागवली, बसवली किंवा तपासली आहेत त्यांनी इथे आपल्या भागाच्या नावाखाली लिहा. किस्से नकोत. मापं, आटे, तारा आणि पैसे यांबद्दल नेमकं लिहा, म्हणजे पहिल्यांदा बसवणाऱ्याच्या कामी येईल.

वागळे इस्टेट

गेज क्वचितच दगा देतं, घोळ होतो तो सेंडरवर, म्हणजे इंजिनावर बसून दाब किंवा तापमान गेजला कळवणाऱ्या भागावर. ऑर्डर अजून बदलता येत असेल तर आजच दोन गोष्टी लेखी मागून घ्या: सेंडरचे आटे आणि त्याची ओहम रेंज (विद्युतरोध किती ते किती).

बाजारातले बहुतेक ऑइल प्रेशर सेंडर १/८ एनपीटी (अमेरिकी मापाच्या निमुळत्या) आट्यांचे असतात, म्हणजे इंचाला २७ आटे. जपानी घडणीच्या इंजिनांवर कंपनीचा मूळ ऑइल प्रेशर स्विच बहुधा १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाचा) असतो, तिथे इंचाला २८. दोन-तीन फेरे अगदी सहज जातात, मग अडकतं. तिथे पाना जोरात फिरवला की ॲल्युमिनियम ब्लॉकचे आटे गेलेच म्हणून समजा. फोक्सवॅगन-स्कोडात एम१० × १ (१० मिमी व्यास, १ मिमी अंतराचे आटे) लागतो. थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावून खात्री करा आणि ॲडॉप्टर आत्ताच लेथवर वळवून घ्या. इथल्या गाळ्यांमध्ये पितळेचा ॲडॉप्टर करून मिळतो, फक्त कारागिराकडे मूळ स्विच नमुना म्हणून द्या, तोंडी माप सांगू नका.

मूळ स्विच काढून टाकू नका. टी (तीन तोंडांचा जोड) टाकून स्विच आणि सेंडर दोन्ही ठेवा, म्हणजे डॅशवरचा लाल दिवा चालू राहतो. पण जड सेंडर थेट पितळी टीवर लटकवला तर कंपनाने टी मानेपाशी तडकते आणि तेल धो धो बाहेर येतं. टीपासून छोटी ब्रेडेड होज (जाळीचं वेष्टण असलेली नळी) काढून सेंडर क्लॅम्पने बॉडीवर बसवा. यात काटकसर करू नका, प्रश्न इंजिनाचा आहे.

ओहमचं असं: दाब वाढत जाताना युरोपीय पद्धतीचा प्रेशर सेंडर १० ते १८० ओहम, अमेरिकी पद्धतीचा २४० ते ३३, म्हणजे उलटा. गेज-सेंडरची जोडी चुकली तर काटा हलतो, पण वाचन खोटं असतं.

ऐरोली

वरच्या मुद्द्याला जोडून. एकाच तारेचा सेंडर अर्थ (विजेची परतीची वाट) बॉडीतून घेतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तर अर्थ कच्चा राहतो, आणि टेपचा तुकडा तेलाच्या वाटेत गेला तर वेगळंच दुखणं. लिक्विड सीलंट वापरा, पहिला आटा कोरडा सोडा. सेंडर होजवर दूर बसवला असेल किंवा कूलंट सेंडर रबरी होजमधल्या ॲडॉप्टरवर असेल, तर त्या धातूच्या भागाला वेगळी अर्थ तार हवीच. होज कापण्याआधी आतला व्यास व्हर्नियरने मोजा, अंदाजाने ॲडॉप्टर घेऊ नका.

खारघर, टर्बो डिझेल

बूस्टसाठी टी इंटेक मॅनिफोल्डवर किंवा इंटरकूलरनंतरच्या पाइपवर. डिझेलमध्ये ब्रेक बूस्टरची (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याची) नळी व्हॅक्यूम पंपाकडून येते, तिथे टी टाकली तर बूस्ट कधीच दिसणार नाही. पेट्रोलमध्येही ब्रेकच्या नळीला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

चार तारा: कायम १२ व्होल्ट, इग्निशन, दिवे, अर्थ. फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा तार देणाऱ्या जोडाने) घ्या आणि गेजच्या फांदीला २-३ अँपिअरचा वेगळा फ्यूज द्या. कंपनीचं हार्नेस (तारांचा जुडगा) सोलू नका, वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो. नव्या गाड्यांत क्लस्टरच्या (डॅशवरच्या मीटरच्या) दिव्यांचा मंदपणा पल्सने ठरतो. ती तार गेजला दिली तर उजेड फडफडतो, म्हणून पार्किंग लाइटच्या फ्यूजवरून घ्या. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) तार नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडी) हवाच आणि तारेला खाली एक झोल ठेवा. नाहीतर पावसाळ्यात पाणी तारेवरून थेट पायाशी उतरतं.

वाशी

पैशांचं बोलू. ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, मग या सगळ्यावर आयजीएसटी. वर्गणी ठरवताना हा थर धरा, शिवाय डॉलर हलला तर म्हणून थोडी रक्कम वेगळी ठेवा. एकाच्या नावावर एकाच मालाचे खूप नग आले की तो वैयक्तिक वापर मानला जाईलच असं नाही, आयईसी (आयात-निर्यात परवाना क्रमांक) मागितला जातो. म्हणून आयईसी असलेल्या फर्मच्या नावाने मागवा किंवा विक्रेत्याला प्रत्येकाकडे स्वतंत्र पार्सल पाठवायला सांगा. मग ज्याची त्याची केवायसी.

न्हावा शेवा आपल्या दारात आहे म्हणून समुद्रमार्ग स्वस्त पडेल, हा हिशेब छोट्या खोक्यांना लागू होत नाही. सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनर गोदाम), डिलिव्हरी ऑर्डर आणि कस्टम एजंट यांचे किमान आकार भाड्यातली बचत खाऊन टाकतात. हवाई कुरिअरच बरं.

माल चीनचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतलं त्यांचं नववर्ष ध्यानात घ्या, कारागीर सुट्टीच्या आधीच गावी जायला लागतात. छपाई पुरी होण्याआधी नमुन्याचा अंधारातला फोटो मागवा. रंग ‘केशरी’ असा शब्दात सांगू नका. अंबर एलईडी साधारण ५९० नॅनोमीटर, लाल साधारण ६२५, असा आकडा द्या. दर दहा गेजमागे एक-दोन सेंडर जादा घ्या.

कोलशेत

पॉड (गेज बसवायचा साचा) थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए प्लास्टिक नको. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅश तिथवर सहज जातो. एएसए किंवा एबीएस घ्या. गेजजवळ सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते.

नेरुळ

खोकं आलं की गाडीत बसवण्याआधी टेबलावर तपासा. १२ व्होल्ट द्या आणि १०–१८० च्या गेजला सेंडरच्या जागी आधी १०, मग १८० ओहमचा रेझिस्टर लावा. काटा शून्यावर आणि मग शेवटच्या खुणेवर गेला पाहिजे. लॅमिंग्टन रोडला हे रेझिस्टर चिल्लर भावात मिळतात. कूलंट सेंडरचं टोक उकळत्या पाण्यात बुडवा, बॉडीला अर्थ द्या. आपण समुद्रसपाटीलाच आहोत, काटा १०० च्या जवळ हवा. प्रत्येक तपासणीचा व्हिडिओ ठेवा, बदलून मागताना तोच पुरावा.

बसवल्यावर इंजिन गरम करा, टी आणि होजचे जोड टॉर्चने बघा, थंड झाल्यावर क्लिप पुन्हा आवळा. मग एसी लावून घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ चढा. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. त्यानंतर काटा थोडा वर जाऊन स्थिरावला तर ठीक. तो पंखा लागल्यावरही चढतच राहिला तर आधी होज ॲडॉप्टरपाशी अडकलेली हवा काढा, गेजला दोष नंतर द्या.