आईला घेऊन दिल्लीदर्शन : कोणता काळ निवडावा?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
सप्रेम नमस्कार. आम्ही शेतकरी माणसे. कापसाची वेचणी बरीचशी उरकलेली असते आणि तूर सोंगायला अवकाश असतो, तेव्हा म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस आम्हाला घराबाहेर पडता येते. यंदा पत्नी, सातवीतला मुलगा, धाकटी मुलगी आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेली सत्तरीची आई यांना घेऊन चार दिवस दिल्ली पाहण्याचा विचार आहे. मुलाला लाल किल्ला व कुतुबमिनार पाहायचा आहे. आईचा आग्रह मात्र एकच आहे की, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले ती जागा पाहिल्याशिवाय परतायचे नाही. याच प्रवासात ताजमहाल जमेल काय?

उत्तर (हिंगणघाट)
भाऊ, बाकीचे नंतर ठरवा, आधी तारीख बदला. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत उत्तरेत धुके इतके दाट पडते की गाड्या तासन्‌तास रखडतात, आणि त्या थंडीत फलाटावर बसून राहणे आईंच्या गुडघ्यांना मुळीच मानवणार नाही. पुढे २६ जानेवारीच्या संचलनाच्या सरावामुळे कर्तव्यपथावर येण्याजाण्यास निर्बंध असतात. फेब्रुवारीचा उत्तरार्ध सर्वांत चांगला. त्या सुमारास राष्ट्रपती भवनातील अमृत उद्यानही सहसा खुले असते.
नागपूरहून तामिळनाडू किंवा केरळ एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास आहे. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. आईंचे तिकीट वेगळे काढावे, कारण ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर दोनपेक्षा अधिक प्रवासी असल्यास लागू होत नाही.

उत्तर (मूळ गोंदिया, सध्या दिल्ली)
वरील मताशी सहमत आहे. फक्त सोमवारी दिल्लीत उतरू नका. त्या दिवशी लाल किल्ला, अक्षरधाम आणि रेल्वे संग्रहालय ही तिन्ही बंद असतात.
आईंची इच्छा पहिल्याच दिवशी पूर्ण करावी, असे मला वाटते. २६, अलीपूर रोड येथे ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, आणि तेथील राष्ट्रीय स्मारक २०१८ मध्ये खुले झाले. इमारतीचा आकार उघडलेल्या संविधानग्रंथासारखा असून मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरील सिव्हिल लाइन्स हे स्थानक तेथून जवळ आहे. याच मार्गाने गाडी न बदलता थेट कुतुबमिनार स्थानकापर्यंत जाता येते. मात्र मिनार स्थानकाला लागून नाही, म्हणून तेथून ऑटो करावी. सुमारे ७३ मीटर उंचीच्या त्या मिनारात १९८१ च्या दुर्घटनेपासून कोणालाही चढू देत नाहीत, त्यामुळे मुलाने हट्ट धरला तरी जिन्याचा प्रश्न उद्भवणार नाही.
लाल किल्ल्यात लाहोरी दरवाजापासून छत्ता चौकातील दुकाने ओलांडून दिवाण-ए-आमपर्यंत आणि त्यापुढेही पायी बरेच चालावे लागते, म्हणून तेथे सकाळीच जावे. हुमायूनची कबर सुंदर आहे यात शंका नाही, पण चौथऱ्यावर जाणाऱ्या पायऱ्या उंच व उभ्या आहेत. आईंना खाली बागेतच बसू द्यावे. धाकटीसाठी चाणक्यपुरीचे रेल्वे संग्रहालय चुकवू नका. तेथील छोट्या गाडीत बसायला मोठ्यांनाही संकोच वाटत नाही. मुलाला पतियाळा संस्थानची एका रुळावर चालणारी गाडी अवश्य दाखवा.

उत्तर (वर्धा)
ताजमहालासाठी दिल्लीहून वेगळी फेरी करणे मला अनाठायी वाटते. नागपूरकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या आग्रा कँटला थांबतात, तेव्हा परतीचे आरक्षण आग्र्याहूनच करावे आणि तो दिवस शुक्रवार नसेल हे पाहावे, कारण त्या दिवशी ताज बंद असतो. पण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आपल्याकडे हरभरा सोंगणीला येतो, त्याचे काय करणार?

प्रश्नकर्ता (दारव्हा)
सर्वांचे आभार. हरभरा धाकटा भाऊ सांभाळेल, असे त्याने कबूल केले आहे. आता एवढेच सांगावे की, अलीपूर रोडच्या आसपास साधी, स्वच्छ आणि तळमजल्यावर खोली देणारी राहण्याची सोय कोणाच्या माहितीत आहे काय?