खान्देशात म्हणे गुप्त रक्षक!

तापीकाठ: काल इथे एकाने लिहिलं की ती खान्देशातल्या गुप्त रक्षकांची नवी कुमार कादंबरी म्हणजे इंग्रजी मालाला मराठी लेबल, आणि "पोरांना असल्या भाकडकथा देण्यापेक्षा स्पर्धा परीक्षेची पुस्तकं द्या". तेव्हापासून डोकं फिरलंय. आठवीतल्या पोराला एमपीएससी? माझ्या चाळीसगावच्या भाचीच्या हातातून मोबाईल सुटत नव्हता, ती लाईट गेली तर टॉर्च लावून हे पुस्तक वाचत होती. आता पाटणादेवीला ने म्हणून मागे लागलीये, कारण रक्षकांचा अड्डा तिथल्या डोंगरात दाखवलाय. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने तिथे मठ काढला होता, हे तिला कुठल्या गाईडमधून कळलं असतं?

जिभाऊ धुळे: लिहिणारा मीच, पळून गेलेलो नाही. अख्खी वाचली म्हणूनच बोलतोय. तो म्हातारा मुख्य रक्षक गुपित सांगायची वेळ आली की बेशुद्ध पडतो. आणि एकाही पोराला आई विचारत नाही की रात्रभर कुठे होतास? खान्देशात? आमच्या गल्लीत पोराने पानटपरीवर सिगारेट पेटवली तर ती विझायच्या आत बापाला खबर असते. आणि आपले खरे वीर काय लपून बसले होते का? शिरीषकुमार, ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबारला भर रस्त्यात झेंडा धरून गोळ्या झेलल्या, वय पंधरा. त्याला मुखवटा लागला नाही.

घाटवाट: जिभाऊ, १४ एप्रिल १९४४ ला साताऱ्याच्या पत्री सरकारची माणसं तुमच्याच जिल्ह्यात चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटून गेली, ती काय बँड लावून आली होती?

रावेरवाली: माझा राग वेगळाच आहे. हिरो रावेरचा, बापाची केळी, आणि बोलतो काय तर अहिराणी, "कथा जाई ऱ्हायना" (कुठे चाललास). अहो आमच्याकडे लेवा बोली बोलतात! शिवाय पोरं रात्री केळीच्या बागेत लपतात आणि कोणाला चाहूल लागत नाही. वाळक्या पानांवर पाय पडला की शेजारच्या शेतातली कुत्री उठतात. आणि केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जन्मात जात नाही, आईला सकाळी धुणं धुतानाच सगळं कळलं असतं.

अहिराणी भो: लेवा काय नि अहिराणी काय, एकच, उगाच वेगळी चूल मांडू नका ताई. आमच्या बहिणाबाई पण अहिराणीच ना.

रावेरवाली: झालं, आलंच ते. बहिणाबाई असोद्याच्या, घरात लेवा बोलणाऱ्या. त्यांच्या एका ओळीत "आहे"साठी तुमचं अहिराणी "शे" दाखवा, मी गप्प बसते.

अहिराणी भो: पुण्याला हॉस्टेलवर माझ्या तोंडून "शे" निघालं की अख्खी रूम हसायची, त्यांना तुमची लेवा नि आमची अहिराणी दोन्ही गावठीच. अहिराणी म्हटलं की युट्यूबवरचा कॉमेडी व्हिडिओ, बस. पहिल्यांदा एक हिरो अहिराणी बोलतोय तर तुम्ही त्याचा दाखला तपासताय!

रावेरवाली: म्हणून आमचं पोरगं पळवायचं?

जिभाऊ धुळे: विषय काय, चाललंय काय.

डाब काठी: तुम्ही दोघं भांडा बोलीवरून. अर्धी कादंबरी सातपुड्यात घडते आणि पावरा आदिवासी पोरगा कशाला, तर वाट दाखवायला. तिसऱ्या प्रकरणानंतर गायबच. माझा आजा भिल्ल, गावचा जागल्या. रात्रभर काठी आपटत गस्त घालायचा, बदल्यात खळ्यावरचं धान्य, तेही मालकाच्या मर्जीने. गावात चोरी झाली की पहिला मार त्यालाच. आणि खाज्या नाईक? इंग्रजांच्या नोकरीत सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा माणूस १८५७ च्या उठावात त्यांच्यावरच उलटला. राखण करणारा कुणाचं राखतो आणि कुणापासून, एवढा साधा प्रश्न तीनशे पानांत एकाही रक्षकाला पडत नाही.

जिभाऊ धुळे: हे बोललात ते मात्र खरं. तुमच्या आजोबांवर कोणी लिहिलं तर दहा प्रती घेतो, रोख.

तापीकाठ: म्हणजे पोरांना गोष्टी चालतील, फक्त जिभाऊंनी पास केलेल्या. उपकार झाले.

जिभाऊ धुळे: तो म्हातारा मला शेवटपर्यंत पटणार नाही.

रावेरवाली: अहिराणी भो, ती ओळ?

अहिराणी भो: शोधी ऱ्हायनू.