मदत हवी आहे: दूरच्या ओळखीतल्या व्यक्तीला कामाविषयी कसे लिहावे?

नमस्कार.

वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन मला ८ महिने झाले. या काळात जाहिराती पाहून मी ४७ अर्ज केले. त्यांपैकी ३ ठिकाणी मुलाखत झाली आणि बाकीच्या बहुतेक ठिकाणांहून अर्ज मिळाल्याची पोचही आली नाही. घरचे धीर देतात, मैत्रिणीही जाहिराती पाठवतात, पण त्या मी आधीच पाहिलेल्या असतात.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ सालच्या शोधनिबंधात याचे कारण सापडले. त्यांच्या पाहणीत ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के जणांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार गाठ पडत असे, ५५.६ टक्के जणांची अधूनमधून आणि २७.८ टक्के जणांची क्वचितच. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, नवी माहिती दुसऱ्या वर्तुळातून येते, हे मला मनापासून पटले. मात्र पटलेले अमलात आणताना माझी गाडी अडली आहे.

माझ्या विभागात दोन वर्षे पुढे असलेल्या एक ताई आता बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतात. खोडाचा आडवा छेद घेताना ब्लेड ओले ठेवावे, म्हणजे काप फाटत नाही, हे त्यांनीच मला दाखवले होते. त्यानंतर आमचे बोलणे झालेले नाही. त्यांना लिहिलेला मजकूर ११ दिवसांपासून तसाच पडून आहे. ‘आपल्याकडे एखादी जागा असल्यास कळवावे’ हे वाक्य मी तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले, कारण इतक्या दिवसांनी केवळ गरजेपोटी आठवण काढली असे त्यांना वाटेल, ही भीती जात नाही.

अशा व्यक्तीला सरळ नोकरीबद्दल विचारावे की आधी नुसती कामाची माहिती विचारावी? पत्रासोबत बायोडेटा जोडावा का? आणि विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, मी सुमारे ३०० नमुने वाळवून, शीटवर चिकटवून, ओळख पटवून त्यांची लेबले लिहिली आहेत. हे काम सांगण्याजोगे आहे का? बायोडेटात त्याची नोंद ‘हर्बेरियममध्ये साहाय्य’ एवढीच आहे. ज्यांनी अशी पत्रे लिहिली आहेत किंवा ज्यांना ती येतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मला अशी पत्रे येतात, म्हणून लिहितो. सर्वांत आधी ताईंनाच लिहा. लिंक्डइनवरील २ कोटींहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अगदी जुजबी ओळखींपेक्षा मध्यम स्वरूपाच्या, म्हणजे थोडेफार समान परिचित असलेल्या ओळखी नोकरी मिळण्यास अधिक उपयोगी ठरल्याचे दिसले. ताईंची ओळख नेमकी तशी आहे.

पत्राची सुरुवात ओल्या ब्लेडच्या आठवणीने करा. ती खरी आहे आणि ती वाचून त्यांना तुमचा चेहरा आठवेल. मग आपण काम शोधत आहोत हे एका वाक्यात मोकळेपणाने सांगा, ते लपवू नका. लपवलेला हेतू नंतर कळला की अधिक खटकतो. मात्र जागा मागू नका, २० मिनिटे मागा. त्यांचा दिवस कसा जातो, नव्या माणसाला कोणते काम आधी देतात, निवड करताना काय पाहतात, एवढेच विचारा. बायोडेटा त्यांनी मागितल्यावर पाठवा.

हर्बेरियमचे काम तर अवश्य सांगा. ‘साहाय्य’ हा शब्द काढून किती नमुने, वनस्पतींची कोणती कुले, ओळख कशी पडताळली, हे लिहा. नोंदीत चूक न करता शेकडो वेळा तेच काम करू शकणारी व्यक्ती प्रयोगशाळेला हवीच असते. उत्तर आले नाही, तर ८-१० दिवसांनी एकदा नम्रपणे आठवण करा. त्यानंतर त्यांना पुन्हा लिहू नका, पुढच्या व्यक्तीला लिहा.