पावसाळ्यात वरंध घाट बंद: शहाणपण की कामचुकारपणा?

महाडवाला: परवा इथल्याच एकाने लिहिलं, "भोर-महाड रस्त्यावरचा हा इंग्रजांच्या काळातला घाट इतकी वर्षं टिकला, आणि आमचं बांधकाम खातं चार ढग दिसले की फाटक लावून झोपतं." डोकंच फिरलं. घाट निघाला तेव्हा बैलगाड्या होत्या. आपण रुंदीकरणासाठी डोंगराचा पाय खरवडला आणि कडे उभे सोडून दिले. २२ जुलै २०२१ ला तळिये गाव दरडीखाली गाडलं गेलं, ते आमच्याच महाड तालुक्यात. विसरलात?

भोरचा_नाना: ते मीच लिहिलंय. तळियेत अख्खा उतार आला. घाटात सुटे धोंडे येतात. उगाच खिचडी करू नका. २०१५ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्यापाशी दरडीत माणसं गेली, तेव्हा कड्याला जाळ्या लागल्याच ना? तिथे टोल मिळतो, इथे काय, आम्ही!

कातळ: जाळी धोंडा धरते, डोंगर नाही. आडोशीलाच २०२३ मध्ये पुन्हा दरड आली. बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. फटींतून मुरलेल्या पाण्याने तो झिजतो नि वरचा कातळ अधांतरी राहतो. त्यात सुरुंगाने तडे रुंदावले.

महाडवाला: आणि बंद कुणाला? रविवारी पुण्याच्या गाड्या बॅरिकेड सरकवून घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी भजी खायला हजर!

कोथरूडकर: आलं, पुणेकरांवर आलंच! टपऱ्या कुणाच्या? आम्ही लावल्या?

महाडवाला: टपरीवाल्याचं चार महिन्यांचं पोट आहे ते. कड्याखाली गाडी लावून माकडांना वेफर्स चारणारे तुम्ही.

कोथरूडकर: एक भजीची प्लेट खाल्ली म्हणून दरड कोसळली, असं अहवालात लिहा आता.

कातळ: विषय दरडीचा होता. असो.

शिवथरची_सून: भजी गेली खड्ड्यात. मामंजींच्या छातीत कळ आली, पुण्याला न्यायचं होतं आणि घाट बंद. ताम्हिणी घाटातून वळसा घालून नेलं, वाटेत तिथेही दगड पडलेले. ह्यांनी भर पावसात उतरून हातांनी बाजूला केले. पर्यायी मार्ग म्हणतात तो हाच ना? महाबळेश्वरकडच्या आंबेनळी घाटाचं तर नावच नको, २०२१ ला तोही खचला होता.

भोरचा_नाना: ताई, हेच तर मी ओरडतोय!

महाडवाला: आणि त्याच रात्री वरंधमध्ये गाडीवर धोंडा आला असता तर?

भोरचा_नाना: बरं बाबा, रेड अलर्टला बंद ठेवा, तुमचंच खरं. पण आठवडाभर कडक ऊन पडल्यावरही फाटक तसंच असतं. सैल दगड काढणारी माणसं उन्हाळ्यात कुठे असतात, तेही सांगा.

महाडवाला: हे मात्र बरोबर. लिहून द्या, सही मी करतो. भजीवाल्यांचीही घ्या.