नवजात बाळाच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकताना दुखणं कमी करणारं औषध सक्तीचं असावं का?

एनआयसीयू सिस्टर, धंतोली
माझं मत: ट्यूब टाकायचं आधी ठरलं असेल आणि सलाइनची सुई लागलेली असेल, तर फेंटॅनिल हे जोरदार वेदनाशामक दिल्याशिवाय लॅरिंगोस्कोप (घशातली वाट दाखवणारं उपकरण) बाळाच्या तोंडात घालूच नये. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत इतके एनआयसीयू (नवजात बाळांचे अतिदक्षता विभाग), गडचिरोली-गोंदियापासून बाळं इथं येतात. तरी अजून काही ठिकाणी एक सिस्टर डोकं धरते, दुसरी हातपाय, आणि ट्यूब जाते. शुद्धीवरच्या मोठ्या माणसाला असं कुणी करेल का?

नवजाताला दुखत नाही, ही समजूत १९८७ सालीच मोडीत निघाली. कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शस्त्रक्रियेत फेंटॅनिल मिळालेल्या अकाली बाळांच्या अंगात ताणाची संप्रेरकं कमी वाढतात आणि नंतरचा त्रासही कमी होतो. ट्यूब टाकताना नाडी मंदावते, ऑक्सिजन उतरतो, मेंदूतला दाब चढतो. आठव्या महिन्याच्याही आधी आलेल्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना हे सोसवेल? अमेरिकेच्या बालरोग अकादमीनं २०१० मध्येच सांगितलं आहे: जन्मताच करावी लागणारी धावपळ आणि जिवावरचा प्रसंग सोडला, तर औषध द्या.

तालुक्यातला डॉक्टर
सिस्टर, दुसरी बाजूही सांगा. फेंटॅनिल भरकन गेलं की छाती लाकडासारखी ताठ होते, अँबू (हातानं हवा देण्याची पिशवी) दाबूनही हवा आत जात नाही. रात्री आमच्याकडे मी आणि एक सिस्टर. ॲम्प्यूलमध्ये मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम औषध. किलोभराच्या बाळाला २ मायक्रोग्रॅम द्यायचं म्हणजे ०.०४ मिलिलिटर. एक शून्य चुकलं की दहापट डोस. दुखणं मी नाकारत नाही. पण सक्ती केली तर एखादं बाळ त्या औषधानंच जाईल.

मानेवाड्याचा बाबा
मी डॉक्टर नाही. माही पोरगी काचेत होती तेव्हा आम्हाले बाहेर येऊन फक्त 'ट्यूब टाकली' एवढंच सांगितलं. दुखण्याचं औषध देलं का, हे विचारता येते हेच आम्हाले माहीत नव्हतं. मायबापाले आधी सांगाले काय हरकत आहे?

भूलतज्ज्ञ
बाळ शांत राहावं म्हणून नुसतं मिडाझोलाम हे गुंगीचं औषध देण्याची सवय आधी थांबवा. त्यानं दुखणं जात नाही, बाळ फक्त गप्प पडतं. अकाली बाळांत रक्तदाब पडतो, मेंदूलाही धोका. मॉर्फिन या वेदनाशामकाचा असर यायला वेळ लागतो, ट्यूबसाठी ते सोयीचं नाही. नाडीसाठी ॲट्रोपिन, दुखण्यासाठी फेंटॅनिल, मग गरजेप्रमाणे स्नायू सैल करणारं औषध. छाती ताठ झालीच तर हेच तिसरं औषध किंवा फेंटॅनिलचा असर उतरवणारं नॅलोक्सोन उपयोगी पडतं, म्हणून ते आधीच भरून ठेवावं. पण वेदनाशामक न देता एकटं स्नायू सैल करणारं कधीच नको. बाळ हलत नाही, दुखणं मात्र पूर्ण पोचतं.

तालुक्यातला डॉक्टर
आणि बारीक नळीनं सर्फॅक्टंट (अकाली बाळाची फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) देताना? तिथं बाळानं स्वतः श्वास घेत राहायला हवं. फेंटॅनिलनं श्वास थांबला की शेवटी ट्यूब आणि व्हेंटिलेटरच. मी तिथं बाळाला गुंडाळतो, हातपाय पोटाशी घेतो, जिभेवर साखरपाणी देतो.

एनआयसीयू सिस्टर, धंतोली
बारीक नळीचं मान्य, तिथं हात राखूनच. पण साखरपाणी टाचेच्या टोचणीला ठीक, लॅरिंगोस्कोपला पुरत नाही. डोसची भीती खरी आहे, तिच्यावर इलाजही आहे. १ मिलिलिटर औषध सलाइननं १० करा, मग मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम. किलोच्या बाळाला ०.४ मिलिलिटर, तेही काही मिनिटं लावून सावकाश. वजनाप्रमाणे तक्ता भिंतीवर, दोघांनी स्वतंत्र मोजून सही. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ च्या दुरुस्तीनं फेंटॅनिल मिळवणंही सोपं झालंय. कपाटाला कुलूप आणि नोंदवही राहणारच, राहायलाच हवी.

तालुक्यातला डॉक्टर
तक्ता लावतो. पण रात्री मोजायला दुसरा प्रशिक्षित माणूस नसेल तर ॲम्प्यूल फोडणार नाही, आणि त्यासाठी मला कुणी दोषी ठरवू नये.

मानेवाड्याचा बाबा
डॉक्टरसाहेब, नाही देलं तर काहून नाही देलं, हे फाइलीत लिहाल का? अन् आम्हाले सांगाल?

तालुक्यातला डॉक्टर
लिहीन, सांगेनही. तुमचं म्हणणं रास्त आहे. सक्तीला मात्र माझा विरोध कायम.